एकाच संगणकावर एका प्रोग्रामच्या अनेक प्रती: संवाद कुठे अडतो ते कसं शोधायचं

एकाच संगणकावर एका प्रोग्रामच्या दोन-तीन प्रती चालवायच्या आणि त्यांना आपापसांत बोलायला लावायचं, हे काम ऐकायला सोपं वाटतं. केबल नाही, राउटर नाही, सिग्नल जाण्यायेण्याची कटकट नाही. तरीही नेटवर्क प्रोग्रामिंग नव्याने शिकणारी मंडळी नेमकी इथेच दोन-दोन दिवस अडकलेली मी पाहिली आहेत. मशीन वेगवेगळ्या असल्या की प्रत्येकीचा पत्ता वेगळा असतो, त्यामुळे काही चुकलं तर निदान कुठे चुकलं ते दिसतं. इथे सगळ्यांचा पत्ता एक, प्रोग्रामचं नाव एक आणि बऱ्याचदा सेटिंगची फाइलही एकच. संदेश जातो, उत्तरही येतं, पण येतं ते भलत्याकडून. म्हणून अशा वेळी मी आधी एकच प्रश्न धरून बसतो: आपण बोलतोय ते नक्की कोणाशी? पुढच्या पायऱ्यांमध्ये याच प्रश्नाचं उत्तर हळूहळू पक्कं करत न्यायचं आहे.

गेमचा सर्व्हर आणि त्याचे दोन क्लायंट असोत, चॅटचा छोटा प्रयोग असो किंवा मधल्या सर्व्हरशिवाय एकमेकांना शोधून बोलणारे पीअर-टू-पीअर नोड असोत, पद्धत तीच राहते.

आधी एवढं माहीत हवं

संगणकाच्या आतल्या आत बोलण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीममध्ये एक वेगळा मार्ग असतो, त्याला लूपबॅक म्हणतात. आयपीव्ही४ मध्ये त्याचा रोजच्या वापरातला पत्ता १२७.०.०.१. खरं तर १२७ ने सुरू होणारे सगळेच पत्ते, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून जास्त, याच कामासाठी राखून ठेवले आहेत. आयपीव्ही६ मध्ये मात्र एकच आहे: ::१. या मार्गावरचा डेटा नेटवर्क कार्डापर्यंत जातच नाही, कर्नलमधूनच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातूनच, माघारी फिरतो. यातून एक सोपी चाचणी हाती येते. वायफाय बंद करून बघा. संवाद तुटला, तर तुमच्या प्रती लूपबॅकचा पत्ता वापरत नाहीत, बाहेरच्या नेटवर्कचा वापरतायत.

पत्ता सारखाच असल्यावर फरक करायला उरतो तो पोर्ट. पोर्टचे आकडे ० ते ६५५३५. सर्व्हरचा पोर्ट आपण ठरवतो. क्लायंटचा पोर्ट सहसा ऑपरेटिंग सिस्टीम देते: लिनक्सवर एरवी ३२७६८ ते ६०९९९ मधून, विंडोजवर ४९१५२ ते ६५५३५ मधून. हे आकडे पुढे एका चमत्कारिक दोषाच्या वेळी लागणार आहेत.

पायरी १: सगळं बंद करा, मग एकेक प्रत सुरू करा

ही पायरी सगळे गाळतात आणि सगळ्यांत जास्त वेळ त्यामुळेच जातो. खिडकी बंद केली म्हणजे प्रोसेस संपली असं नाही. विंडोजवर टास्क मॅनेजर उघडून, लिनक्स किंवा मॅकवर पीएस कमांडने प्रोसेसची यादी पाहून खात्री करा की तुमच्या प्रोग्रामची एकही प्रत मागे उरलेली नाही.

माझ्या एका कामात मी संदेशाची रचना बदलली, दोन्ही प्रती नव्याने सुरू केल्या, आणि दुसरी प्रत मात्र सांगत राहिली की येणारा संदेश जुन्याच रचनेचा आहे. कोड तीनदा वाचला, काही सापडेना. शेवटी प्रोसेसची यादी उघडली तर आदल्या दिवशीची एक प्रत तिथे होती. तिची खिडकी केव्हाच बंद झाली होती, पण पोर्ट तिने सोडला नव्हता. नव्या पहिल्या प्रतीला पोर्ट मिळाला नाही, आणि ती चूक लॉगमध्ये लिहिली जात नसल्यामुळे सगळं वरवर ठीक दिसत होतं. दुसरी प्रत इमाने इतबारे त्या कालच्या प्रोसेसशी बोलत होती.

तेव्हापासून मी दोन गोष्टी कधी सोडत नाही, तुम्हीही सोडू नका. लॉगच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला प्रतीचं नाव, प्रोसेसचा क्रमांक म्हणजे पीआयडी आणि तिचा पोर्ट छापा. आणि जोडणी होताच दोन्ही बाजूंनी एकमेकींना पहिला संदेश ओळखीचा पाठवावा: मी अमुक प्रत, माझा पीआयडी एवढा, मी इतक्या वाजता सुरू झाले. ही दहा-बारा ओळींची भर आहे. आपण कोणाशी बोलतोय हा प्रश्न त्यानंतर अंदाजावर राहत नाही.

आता पहिली प्रत सुरू करा, ती पोर्टवर लिसन करतेय, म्हणजे येणाऱ्या जोडणीची वाट पाहतेय, हे पायरी ३ प्रमाणे पाहून घ्या, मगच दुसरी सुरू करा. दोन्ही एकदम सुरू करणारी स्क्रिप्ट सध्या बाजूला ठेवा. अशा स्क्रिप्टमध्ये सर्व्हर तयार होण्याआधीच क्लायंट दार ठोठावतो आणि नकार घेऊन परत जातो. कधी चालतं, कधी चालत नाही, अशी तक्रार असेल तर आधी हेच तपासावं. यावर उपाय म्हणून स्क्रिप्टमध्ये ठोकून पाच सेकंद थांबायला लावू नका. क्लायंटनेच थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा हे बरं.

पायरी २: प्रत्येक प्रतीचं सामान वेगळं करा

दुसरी प्रत सुरू करताक्षणी आपोआप बंद होत असेल, तर नेटवर्कमध्ये दोष शोधू नका. कित्येक डेस्कटॉप प्रोग्राम मुद्दामच एका वेळी एकच प्रत चालू देतात. दुसरी प्रत पहिलीला निरोप पाठवते आणि स्वतः थांबते. काही जण डेटाच्या फोल्डरमध्ये कुलपाची फाइल ठेवतात. दुसऱ्या प्रतीला ती दिसली की ती माघार घेते.

म्हणून प्रत्येक प्रतीला वेगळा डेटा फोल्डर, वेगळी सेटिंगची फाइल, वेगळी लॉग फाइल आणि अर्थात वेगळा पोर्ट द्या. बहुतेक प्रोग्राममध्ये हे कमांडसोबतच्या पर्यायांनी किंवा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने देता येतं.

फोल्डर वेगळा करताना एक चूक हमखास होते. पहिला फोल्डर कॉपी करून त्याला दुसरं नाव दिलं जातं. पीअर-टू-पीअर प्रकारातले प्रोग्राम पहिल्यांदा चालतात तेव्हा स्वतःसाठी एक ओळख क्रमांक किंवा किल्ली तयार करून त्याच फोल्डरमध्ये ठेवतात. फोल्डर कॉपी केला की ओळखही कॉपी होते. मग एक नोड दुसऱ्याला पाहतो, त्याचा क्रमांक स्वतःच्याच क्रमांकाशी जुळतो, आणि हा मीच आहे असं समजून तो जोडणी तोडतो. एमक्यूटीटी हा संदेश पोहोचवण्याचा प्रोटोकॉल वापरणाऱ्यांना याचं भावंड भेटतं. एकाच क्लायंट आयडीने दुसरी प्रत जोडली गेली की ब्रोकरने, म्हणजे संदेश वाटणाऱ्या मधल्या सर्व्हरने, पहिलीला काढून टाकायचं, असा त्या प्रोटोकॉलचाच नियम आहे. पहिली प्रत आपोआप पुन्हा जोडली जाते, त्यामुळे दुसरी निघते, आणि हा खेळ थांबत नाही. लॉगमध्ये दोन्हींकडे दर काही क्षणांनी जोडणी तुटल्याची आणि जुळल्याची नोंद दिसली, की दोघींचा आयडी ताडून पाहा. कॉपी न करता रिकाम्या फोल्डरवरून सुरुवात केली की हा प्रश्नच येत नाही.

पायरी ३: कोण कुठे लिसन करतंय ते डोळ्यांनी पाहा

प्रोग्राम म्हणतो की मी ७००१ वर सुरू झालो. त्याच्यावर विश्वास ठेवण्याआधी ऑपरेटिंग सिस्टीमला विचारा. विंडोजवर नेटस्टॅट ही कमांड ए, एन आणि ओ हे तीन पर्याय एकत्र देऊन चालवा. लिनक्सवर एसएस कमांडला एल, टी, एन, पी हे पर्याय द्या. यातला टी म्हणजे टीसीपी, आधी जोडणी करून बोलण्याची पद्धत. जोडणी न करता संदेश पाठवणाऱ्या यूडीपीसाठी टीच्या जागी यू. मॅकवर एलएसओएफ कमांडला आय पर्याय द्या आणि पुढे अपूर्णविराम लिहून पोर्टचा आकडा जोडा. दुसऱ्या कोणाच्या प्रोसेसचं नाव पाहायचं तर प्रशासकाचे अधिकार लागतात, हे लक्षात असू द्या.

विंडोजवर साधारण असं काही दिसेल:

टीसीपी   १२७.०.०.१:७००१   ०.०.०.०:०   लिसनिंग   ८४३२
टीसीपी   १२७.०.०.१:७००१   १२७.०.०.१:५३११०   एस्टॅब्लिश्ड   ८४३२
टीसीपी   १२७.०.०.१:५३११०   १२७.०.०.१:७००१   एस्टॅब्लिश्ड   ९१२०
टीसीपी   ०.०.०.०:७००२   ०.०.०.०:०   लिसनिंग   ५२१६

या चार ओळी सावकाश वाचा. पहिली सांगते की ८४३२ क्रमांकाची प्रोसेस ७००१ वर वाट पाहतेय, आणि फक्त लूपबॅकवर. घरातल्या किंवा ऑफिसातल्या दुसऱ्या मशीनला ती दिसणार नाही. दुसरी आणि तिसरी पाहून नवखे लोक दोन जोडण्या झाल्या असं समजतात. जोडणी एकच आहे. तिची दोन्ही टोकं याच मशीनवर असल्यामुळे ती दोनदा दिसते, एकदा सर्व्हरच्या बाजूने आणि एकदा क्लायंटच्या. ५३११० हा क्लायंटला सिस्टीमने दिलेला पोर्ट, आणि क्लायंटचा पीआयडी ९१२०. चौथ्या ओळीत ५२१६ ही प्रोसेस ०.०.०.० वर बसली आहे, म्हणजे मशीनच्या सगळ्या आयपीव्ही४ पत्त्यांवर.

०.०.०.० हा ऐकण्यासाठीचा पत्ता आहे, बोलण्यासाठीचा नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये तो दिसला म्हणून तोच क्लायंटमध्ये टाकला, तर लिनक्सवर ते चालून जातं आणि विंडोजवर चूक येते. आणि मग माझ्याकडे चालतं, तुझ्याकडे चालत नाही, असा वाद सुरू होतो. क्लायंटमध्ये १२७.०.०.१ लिहा.

आता यादीतले पीआयडी तुमच्या लॉगमधल्या पीआयडींशी जुळवा. जुळले नाहीत तर उत्तर इथेच सापडलं. मॅकवर एक खास प्रकार आहे. २०२१ मध्ये आलेल्या माँटेरे आवृत्तीपासून एअरप्ले रिसीव्हर (दुसऱ्या उपकरणावरून चित्र-आवाज घेणारी सोय) ५००० हा पोर्ट वापरतो, आणि शिकवणीच्या कितीतरी उदाहरणांमध्ये नेमका तोच पोर्ट असतो.

पायरी ४: चूक सांगणारा संदेश शब्दशः वाचा

जोडणी होत नाही एवढंच म्हणून थांबू नका. कशी होत नाही यातच अर्धं निदान असतं.

कनेक्शन रिफ्यूज्ड, म्हणजे नकार, एरर क्रमांक लिनक्सवर १११, मॅकवर ६१, विंडोजवर १००६१. तुमचा निरोप मशीनपर्यंत पोहोचला आणि त्या पत्त्यावर, त्या पोर्टवर कोणी लिसन करत नाही असं उत्तर आलं. एका अर्थी ही चांगली बातमी आहे, कारण रस्ता मोकळा आहे. पोर्टचा आकडा, पत्ता आणि सर्व्हर जिवंत आहे का, एवढंच पाहायचं. लिनक्सवर हा नकार क्षणात येतो. विंडोज नकार मिळाल्यावरही पुन्हा प्रयत्न करून पाहतं, म्हणून तिथे एक-दोन सेकंद जातात. तेवढ्यावरून टाइमआउट झालं असं समजू नका.

टाइमआउट, म्हणजे कोणी उत्तरच दिलं नाही, लिनक्सवर ११०, विंडोजवर १००६०. लूपबॅकवर हे दुर्मीळ आहे. दिसलंच तर बहुधा तुम्ही लूपबॅकवर नाही: पत्ता चुकीचा आहे, मध्ये फायरवॉल आहे, किंवा प्रत कंटेनरच्या, म्हणजे डॉकरसारख्या वेगळ्या बंदिस्त जागेच्या, आत आहे.

ॲड्रेस आधीच वापरात असल्याची चूक लिनक्सवर ९८, मॅकवर ४८, विंडोजवर १००४८. पोर्ट कोणीतरी धरून ठेवलाय. यादीत धरणारा दिसला तर ठीक. दिसला नाही, आणि तुम्ही आत्ताच सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करत असाल, तर टाइम-वेट नावाची अवस्था बघा. जी बाजू जोडणी आधी बंद करते तिच्याकडे ती जोडणी काही काळ राखून ठेवली जाते, म्हणजे उशिरा आलेलं डेटाचं जुनं पाकीट नव्या जोडणीत मिसळत नाही. लिनक्सवर हा काळ ६० सेकंदांचा आहे. लिनक्स आणि मॅकवर सर्व्हरच्या सॉकेटला (प्रोग्रामचं जोडणीचं टोक) बाइंड करण्याआधी, म्हणजे पत्त्यावर आणि पोर्टवर बसवण्याआधी, रीयूज-ॲड्रेस हा पर्याय लावला की वाट पाहावी लागत नाही. विंडोजवर हाच पर्याय लावू नका; त्याचं कारण पायरी ६ मध्ये येईल.

विंडोजवर १००१३, परवानगी नाही, असं आलं आणि यादीत पोर्ट तर रिकामा दिसतोय, हा प्रकार फार छळतो. हायपर-व्ही (आभासी मशीन चालवणारा भाग) वगैरे विंडोजचे घटक पोर्टचे पट्टेच्या पट्टे स्वतःसाठी राखून ठेवतात, आणि ते नेटस्टॅटमध्ये दिसत नाहीत. नेटशेल या कमांडमध्ये आयपीव्ही४ चे वगळलेले पोर्ट दाखवण्याची सोय आहे, ती यादी पाहा आणि त्याबाहेरचा पोर्ट निवडा.

पायरी ५: लोकलहोस्ट हा शब्द काही काळ वापरू नका

लोकलहोस्ट म्हणजे १२७.०.०.१ हे आपण इतकं गृहीत धरलेलं असतं की त्यावर संशय येत नाही. पण लोकलहोस्ट हे नाव आहे, आणि त्याचे पत्ते दोन असू शकतात: १२७.०.०.१ आणि ::१. कोणता आधी वापरायचा हे सिस्टीम, भाषा आणि लायब्ररी यांच्यावर अवलंबून असतं. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड जेएसच्या १७ व्या आवृत्तीत २०२१ मध्ये हा क्रम बदलला, तेव्हा एरवी नीट चालणारे अनेक प्रोग्राम नकार देऊ लागले. सर्व्हर १२७.०.०.१ वर आणि क्लायंट ::१ वर जाऊ लागला, एवढंच झालं होतं.

याहून घातक स्थिती म्हणजे एक प्रत १२७.०.०.१ च्या ३००० वर आणि दुसरी ::१ च्या ३००० वर, दोन्ही एकाच वेळी, कसलीही चूक न दाखवता. सिस्टीमच्या लेखी ते दोन वेगळे पत्ते आहेत. तुम्ही ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट लिहिता आणि एकीला भेटता, तुमची चाचणी १२७.०.०.१ वापरते आणि दुसरीला भेटते. एका ठिकाणी बदल दिसतो, दुसऱ्या ठिकाणी दिसत नाही. दोष सापडेपर्यंत सर्व प्रतींमध्ये आकड्यांचा पत्ता लिहा. आकड्याने चालतं आणि नावाने चालत नाही असं दिसलं तर नावं आणि पत्ते जुळवणारी होस्ट्स फाइल उघडून लोकलहोस्टची ओळ जागेवर आहे का तेही पाहा.

पायरी ६: हाताने जोडून बघा

तुमचा क्लायंट बाजूला ठेवा आणि साध्या साधनाने सर्व्हरला भेटा. लिनक्स आणि मॅकवर नेटकॅट, म्हणजे एनसी ही कमांड, पुढे पत्ता आणि पोर्ट. विंडोजवर पॉवरशेलमधली टेस्ट-नेटकनेक्शन. एचटीटीपी असेल तर कर्ल. हे जुळलं आणि तुमचा क्लायंट जुळला नाही, तर दोष क्लायंटमध्ये. हेही जुळलं नाही तर पुन्हा पायरी ३.

पण जोडणी जुळली म्हणजे सर्व्हर प्रोग्राम शुद्धीवर आहे, असा अर्थ काढू नका. टीसीपीची जोडणी कर्नल करतो. प्रोग्रामने लिसन म्हटल्यावर येणाऱ्या जोडण्या एका रांगेत उभ्या राहतात आणि प्रोग्राम त्या एकेक करून स्वीकारतो. प्रोग्राम एखाद्या लूपमध्ये अडकला असेल तरी रांग भरेपर्यंत नव्या जोडण्या यशस्वी दिसतात, तुम्ही पाठवलेला संदेशही स्वीकारला जातो, उत्तर मात्र येत नाही. एकाच थ्रेडवर चालणाऱ्या दोन प्रती एकमेकींच्या उत्तराची वाट पाहत बसल्या की हुबेहूब हेच दिसतं. जोडणी जुळते पण उत्तर येत नाही, अशा वेळी नेटवर्क सोडा आणि डीबगरने ती प्रोसेस कुठे थांबली आहे ते पाहा.

दोन प्रती एकाच पोर्टवर बसणं हा या पायरीतला सगळ्यांत गुंतागुंतीचा भाग. सहसा सिस्टीम दुसरीला अडवते, पण मुभा मागितली तर देते. लिनक्समध्ये ३.९ या आवृत्तीपासून रीयूज-पोर्ट हा पर्याय आहे. तो दोन्ही प्रतींनी लावला तर नव्या जोडण्या कर्नल दोघींमध्ये वाटून देतो. वेगासाठी ही उत्तम सोय, पण ती नकळत चालू असेल तर काही विनंत्या नव्या प्रतीकडे आणि काही जुन्या प्रतीकडे जातात. विंडोजवर रीयूज-ॲड्रेसचा अर्थच वेगळा आहे: तिथे दुसरी प्रत पहिलीच्या पोर्टवर सरळ बसू शकते, आणि मग कोणाला काय मिळेल याची खात्री मायक्रोसॉफ्टही देत नाही. विंडोजवर सर्व्हरला एक्सक्लुझिव्ह-ॲड्रेस-यूज हा पर्याय लावावा, म्हणजे दुसऱ्या कोणाला तिथे येता येणार नाही. ओळखीचा पहिला संदेश लावला असेल तर हे सगळं दोन मिनिटांत उघडं पडतं: पीआयडी दर वेळी बदलताना दिसतो.

यूडीपीत जोडणीच नसते, त्यामुळे पाठवणाऱ्याला सगळं आलबेल वाटतं. एकाच यूडीपी पोर्टवर दोन प्रती बसवल्या आणि त्या पोर्टला साधा संदेश पाठवला, तर तो दोघींना मिळत नाही, एकीलाच मिळतो. दोघींना हवा असेल तर मल्टिकास्ट, म्हणजे एका गटातल्या सगळ्यांना संदेश पाठवण्याची सोय, वापरा, दोघींनाही त्या गटात सामील करा आणि मल्टिकास्ट लूप हा पर्याय चालू ठेवा. तो मुळात चालूच असतो, पण स्वतःचेच संदेश परत येतात म्हणून कोणीतरी तो बंद केलेला असतो आणि मग त्याच मशीनवरच्या दुसऱ्या प्रतीलाही काही मिळत नाही. लिनक्समध्ये हा पर्याय पाठवणाऱ्याच्या सॉकेटवर लागू होतो, विंडोजमध्ये घेणाऱ्याच्या. स्वतःचे संदेश गाळायचे तर संदेशात प्रतीचं नाव टाकून गाळा.

आणि तो चमत्कारिक दोष

सर्व्हर बंद आहे, तरी क्लायंट म्हणतो जोडणी झाली, आणि आपण पाठवलेला प्रत्येक संदेश तसाच्या तसा आपल्यालाच परत येतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. कारण असं: सर्व्हरसाठी निवडलेला पोर्ट, समजा ४००००, क्लायंटसाठी सिस्टीम ज्या पट्ट्यातून पोर्ट देते त्यातच पडतो. सर्व्हर नसताना क्लायंट पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो, दर वेळी त्याला नवा पोर्ट मिळतो, आणि एखाद्या वेळी त्याला ४०००० च मिळतो. मग स्वतःपासून स्वतःकडेच जोडणी होते. टीसीपीच्या नियमांत हे बसतं. आता खरा सर्व्हर सुरू करायला जावं तर पोर्ट वापरात! यावर उपाय एकच, सर्व्हरचा पोर्ट या पट्ट्यांच्या बाहेरचा घ्या. ७००० ते ९००० च्या आसपासचा रिकामा आकडा पुरतो. स्वयंचलित चाचण्यांसाठी पोर्ट ० मागा, म्हणजे सिस्टीम स्वतः रिकामा पोर्ट देईल, आणि मिळालेला आकडा दुसऱ्या प्रतीला कळवा.

पायरी ७: पत्त्यावरून ओळखणारा कोड शोधा

तीन क्लायंट जोडले आणि सर्व्हरच्या यादीत एकच दिसतोय? कोडमध्ये क्लायंटची नोंद त्याच्या आयपी पत्त्यावर केली जातेय का बघा. सगळ्यांचा पत्ता १२७.०.०.१, त्यामुळे नंतरचा आधीच्याची नोंद पुसतो. पत्ता आणि पोर्ट मिळून ओळख धरा, किंवा त्याहून बरं म्हणजे क्लायंटने स्वतः पाठवलेला आयडी धरा. कोड बदलणं हातात नसेल तर प्रत्येक प्रतीला वेगळा लूपबॅक पत्ता देता येतो: १२७.०.०.२, १२७.०.०.३. लिनक्स आणि विंडोजवर हे लगेच चालतं. मॅकवर फक्त १२७.०.०.१ तयार असतो, बाकीचे आयएफकॉन्फिग कमांडने लूपबॅकला जोडावे लागतात.

पायरी ८: संदेश जातात पण मोडके दिसतात

टीसीपी म्हणजे बाइटांचा सलग प्रवाह आहे, त्यात संदेशांच्या सीमा नसतात. दोनदा पाठवलेलं एकदम येऊ शकतं, एकदा पाठवलेलं दोन तुकड्यांत येऊ शकतं. लूपबॅकवर तुकडे कमी पडतात, कारण तिथलं पाकीट लिनक्सवर ६५५३६ बाइटांपर्यंत असू शकतं, तर नेहमीच्या इथरनेटवर १५०० चं. म्हणून हा दोष एका मशीनवर लपून राहतो आणि दोन मशीनवर गेल्यावर उघडा पडतो. प्रत्येक संदेशाच्या आधी त्याची लांबी पाठवा, आणि तेवढे बाइट येईपर्यंत वाचत राहा.

पायरी ९: मधले अडथळे

फायरवॉलला लोक पहिल्यांदा दोष देतात. मी त्याला शेवटी ठेवतो. लूपबॅकची वाहतूक फायरवॉल एरवी अडवत नाहीत. अपवाद विंडोज स्टोअरमधल्या काही ॲपचा, त्यांना लूपबॅक मुळातच बंद असतो. अँटिव्हायरस आणि व्हीपीएन मात्र कधी कधी खरंच मध्ये येतात. ते क्षणभर थांबवून पाहा आणि लगेच पुन्हा सुरू करा.

एचटीटीपी वापरत असाल तर प्रॉक्सीचे (विनंत्या पुढे पोहोचवणारा मधला सर्व्हर) एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल तपासा. ते लावलेले असतील तर १२७.०.०.१ ची विनंतीसुद्धा प्रॉक्सीकडे जाऊ शकते, आणि प्रॉक्सीच्या दृष्टीने तो पत्ता म्हणजे प्रॉक्सी स्वतः. नो-प्रॉक्सीच्या यादीत लोकलहोस्ट आणि १२७.०.०.१ टाका.

डॉकरमध्ये प्रत्येक कंटेनरचा लूपबॅक त्याचा स्वतःचा असतो. एका कंटेनरमधून १२७.०.०.१ ला हाक मारली तर तो स्वतःलाच हाक मारतो. कंटेनरमधल्या सर्व्हरने ०.०.०.० वर लिसन करावं, पोर्ट बाहेर खुला करावा, आणि कंटेनरांनी आपापसांत एकाच नेटवर्कवर राहून नावाने बोलावं. विंडोजमध्ये लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएल २ लाही त्याचं वेगळं नेटवर्क असतं: नेहमीच्या मांडणीत विंडोजमधून लोकलहोस्ट लिहून आतल्या सर्व्हरला भेटता येतं, पण आतून विंडोजच्या सर्व्हरला तसं भेटता येत नाही.

पायरी १०: प्रत्यक्ष पाकिटं पाहणं

इथपर्यंत सापडलं नाही तर वायरशार्क, म्हणजे जाणारी-येणारी पाकिटं दाखवणारा प्रोग्राम. वायफायचा इंटरफेस निवडू नका, तिथे यातलं काहीच दिसणार नाही. लिनक्सवर एलओ, मॅकवर एलओ०, विंडोजवर एनपीकॅपसोबत (पाकिटं टिपणारा ड्रायव्हर) येणारा लूपबॅक अडॅप्टर निवडा आणि आपल्या पोर्टची चाळणी लावा. तुम्ही मशीनचा बाहेरचा पत्ता वापरत असलात तरी लिनक्स ती वाहतूक लूपबॅकवरूनच नेतं. आधी जोडणी सुरू करणारं तीन पाकिटांचं हस्तांदोलन शोधा, मग डेटा कोणी पाठवला आणि शेवट कोणी केला ते बघा. रीसेट, म्हणजे जोडणी एकदम तोडणारा निरोप, आला असेल तर तो पाठवणाऱ्या बाजूच्या लॉगमध्ये त्याच क्षणाची नोंद वाचा; बहुतेक वेळा ती प्रत तिथेच कोसळलेली असते.

तरीही अडलात आणि कोणाला विचारायचं ठरवलं, तर पाच गोष्टी सोबत द्या: ऑपरेटिंग सिस्टीम, प्रत्येक प्रत सुरू करण्याची पूर्ण कमांड, पायरी ३ ची यादी, दोन्ही बाजूंचे एकाच मिनिटातले लॉग, आणि चूक सांगणारा संदेश त्याच्या आकड्यासह. स्क्रीनचा फोटो पाठवण्याऐवजी मजकूर कॉपी करा, म्हणजे समोरच्याला पीआयडी आणि पोर्ट शोधून जुळवता येतील.